उद्यानातील पायवाटेवरचा जुना साकव बदलायचा आहे : आराखडा कसा असावा?

वाटाड्या

नमस्कार मंडळी,

एका संरक्षित उद्यानातील पायवाटेची देखभाल आमचा स्वयंसेवकांचा गट करतो. या वाटेवर एक ओढा लागतो आणि त्यावर दोन ओंडके टाकून वर फळ्या ठोकलेला, ९ मीटर लांबीचा साकव आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे एक टोक वीतभर खचले. वरून पाहिले तर ओंडके धडधाकट वाटतात. परंतु काठावरच्या दगडांवर जिथे ते टेकले आहेत, तिथला साचलेला पालापाचोळा बाजूला सारून मी पेचकस टोचला, तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याला ओला, तपकिरी भुसा चिकटून आला. त्याच दिवशी दोन्ही तोंडांशी आडव्या बल्ल्या बांधून आम्ही साकव बंद केला.

उद्यान व्यवस्थापनाने नव्या साकवाचा प्राथमिक आराखडा आमच्या गटाकडून मागवला आहे. अंतिम आराखडा पात्र अभियंताच करेल. परंतु काय हवे आहे, हे आधी आम्ही नीट लिहून द्यायचे आहे. त्याच जागी, तेवढ्याच लांबीचा, तसाच लाकडी साकव बांधावा, असे व्यवस्थापनाचे मत आहे. माझे मन त्याला तयार होत नाही, पण त्याविरुद्ध मांडायला माझ्याकडे पुरेसा आधारही नाही.

उपयोगी पडेल अशी माहिती देतो. गाडी जाईल असा सर्वांत जवळचा रस्ता अडीच किलोमीटरवर आहे. साकवाची रुंदी ०.९ मीटर असून कठडा एकाच बाजूला आहे. माझ्या आठवणीत दोनदा पुराचे पाणी फळ्यांवरून गेले आहे. लाकूड वापरावे की पोलाद, रुंदी किती असावी, उंची किती असावी आणि पाया कसा असावा, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

सुतारकाम

वाटाड्या, तुम्ही पेचकस टोचला ती जागा अगदी अचूक निवडलीत. लाकडी साकव मधोमध क्वचितच कुजतो; तो टेकणावर कुजतो. लाकडातील ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही, पण माती आणि पाला यांत दबलेले टोक वर्षभर त्याच्या कितीतरी वर असते. त्यातच ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी जितके शोषले जाते, तितके त्याच्या अंगातून शोषले जात नाही, आणि नेमके तेच तोंड आपण मातीला टेकवून ठेवतो.

म्हणून या दुरवस्थेचा दोष लाकडावर टाकू नका, असे मला कळकळीने सांगायचे आहे. टेकण जमिनीच्या वर उचलून घ्या, तुळईच्या तोंडामागे हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, म्हणजे तिथे वारा खेळेल आणि पाला काढता येईल. तुळईच्या माथ्यावर, फळ्यांच्या खाली, दोन्ही कडांना थोडी बाहेर येणारी पन्हाळी पट्टी टाका, कारण फळीचा खिळा जिथे तुळईत शिरतो, तिथून पाणी आत उतरते. गाभ्याचे लाकूड घ्या, बाहेरचे पांढरे लाकूड शक्यतो टाळा. तांबेयुक्त संरक्षक रसायन मुरवलेले लाकूड वापरणार असाल, तर त्यात साधे लोखंडी खिळे ठोकू नका. तांब्यामुळे ते लवकर गंजतात. जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्टच हवेत.

एवढे पाळले, तर लाकडाला पर्याय शोधण्याची गरज मला वाटत नाही.

ओढ्याकाठी

सुतारकाम यांचे म्हणणे मला पटते, पण प्रश्नाचा क्रम मी बदलू इच्छिते. फळ्यांवरून दोनदा पाणी गेले आहे, हे वाक्य वाटाड्या यांनी ओघात लिहिले आहे. माझ्या मते या धाग्याचा खरा विषय तोच आहे. पाण्यात जाणारा साकव लाकडाचा आहे की पोलादाचा, याला फारसे महत्त्व उरत नाही.

आधी पूर किती मोठा धरायचा, ते ठरवा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फार फसगत होते. त्याचा अर्थ एवढाच की, तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. साकव ५० वर्षे टिकावा अशी अपेक्षा असेल, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के भरते. पंचवीस वर्षांचा पूर धरला, तर हीच शक्यता ८७ टक्क्यांवर जाते. म्हणजे तो येणारच, असे समजून चालावे लागते.

दुसरी गोष्ट पायाची. ‘एक टोक वीतभर खचले’ हे केवळ कुजण्याने झाले, असे मला वाटत नाही. काठाच्या अगदी कडेला दगड रचून टेकण केले, की ओढ्याचे पात्र तिथे अरुंद होते, पुरात पाण्याचा वेग वाढतो आणि ते टेकणाखालची माती उकरून नेते. पूर ओसरल्यावर खड्ड्यात गाळ भरतो आणि वरून सगळे जागच्या जागी दिसते. मोठमोठे पूलही याच कारणाने पडले आहेत. न्यूयॉर्क राज्यातील स्कोहरी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळून १० जणांचा जीव गेला, तो खांबाखालचा तळ उकरला गेल्यामुळेच.

म्हणून टेकणे काठापासून मागे घ्या, पात्रात मधला खांब मुळीच नको, आणि त्यासाठी लांबी ९ ऐवजी १२ काय, १८ मीटर झाली तरी होऊ द्या. साकवाचा तळ पूररेषेच्या निदान अर्धा ते एक मीटर वर हवा, कारण पुरात पाण्याबरोबर झाडेही वाहत येतात.

आणि वाटाड्या, एक काम अवश्य करा. सध्याच्या जागेच्या वर आणि खाली शंभरेक मीटर ओढ्यातून चालत जा आणि दोन्ही काठांना खडक कुठे आहे ते पाहा. फांद्यांत अडकलेले सुके गवत, खोडांवरचे गाळाचे पट्टे यांची उंची मोजा. जुना साकव जिथे आहे तीच जागा योग्य, असे मानण्याचे काहीही कारण नाही. पहिल्यांदा बांधणाऱ्याने बहुधा ओंडक्याची लांबी पुरेल अशी जागा निवडलेली असते.

धावती

मी अशा वाटांवर नियमित धावते. काही साकव पायाखाली असे हलतात की मध्यावर पोहोचल्यावर पावले आपोआप थांबतात. नव्या साकवात हे टाळता येईल का?

तुळई

धावती, टाळता येते, आणि त्याचे उत्तर ओढ्याकाठी यांच्या ‘१८ मीटर झाली तरी होऊ द्या’ या वाक्यात दडलेले आहे. त्या वाक्यापाशी मला थोडे थांबायचे आहे.

साकव १२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे, असे धरा. पादचारी पुलासाठी दर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलो भार धरणे रास्त आहे. त्या हिशेबाने पूर्ण भरलेल्या साकवावर पावणेसहा टन भार येतो. रानातल्या वाटेवर एवढी गर्दी कशी होईल, असे वाटेल. पण सहलीचा गट पाण्यात काही दिसले की एका कठड्याशी गोळा होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन पोलादी तुळया घेतल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला दर मीटरला २.४ किलोन्यूटन येतात. या भाराखाली वाक लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा, म्हणजे ३३ मिलिमीटरपेक्षा अधिक नको, असे बंधन घातले, तर सुमारे ३५० मिलिमीटर खोलीची आय-आकाराची तुळई पुरते. तिचा प्रत्यक्ष वाक २४ मिलिमीटरच्या आसपास येतो.

आता तीच तुळई १८ मीटरला लावून पाहा. वाक लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. लांबी दीडपट, तर वाक पाचपट! २४ मिलिमीटरचे १२० होतात, जिथे केवळ ५० चालणार होते.

धावती यांचा प्रश्न इथेच येतो. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. साकवाची स्वतःची वर-खाली हलण्याची वारंवारता त्याच्या आसपास आली, की प्रत्येक पाऊल आधीच्या हेलकाव्यात भर घालते. वरील तुळई, फळ्या आणि कठडा यांचे वजन धरले, तर १२ मीटरला ही वारंवारता सेकंदाला साडेपाचाच्या वर येते आणि चालणाऱ्याला काही जाणवत नाही. १८ मीटरला ती अडीचवर उतरते, म्हणजे भरभर चालणाऱ्याच्या आणि धावणाऱ्याच्या पावलाशी जुळते. ती ५ च्या वर असावी, असा साधा दंडक मी पाळतो.

आडव्या हेलकाव्यांचाही विचार करावा लागतो, कारण शरीराचा भार डाव्या-उजव्या पायावर आलटून-पालटून पडतो आणि ती लय सेकंदाला एक असते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि आडवा डोलू लागल्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल डोलू लागला की माणसे तोल सावरण्यासाठी त्याच्याच लयीत पावले टाकतात आणि डोलणे आणखी वाढते. हेलकावे शोषणारी उपकरणे बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला. आपल्या लहान साकवाला उपकरणे नकोत, पण दोन तुळयांच्या मध्ये तिरप्या पट्ट्यांची फुली हवीच. ती नसलेले साकव मी बरेच पाहिले आहेत.

म्हणून पाया मागे घ्या हे मान्य, पण प्रत्येक मीटरची किंमत लक्षात ठेवून घ्या.

ओढ्याकाठी

तुळई, हे आकडे मांडल्याबद्दल मनापासून आभार. ‘१८ झाली तरी’ हे मी फार सहज लिहून गेले. लांबी कमी ठेवायची असेल, तर चांगली जागा शोधण्याचे महत्त्व उलट अधिकच वाढते, एवढे मात्र म्हणते.

ओझेवाला

अवजड सामान डोंगरात पोहोचवण्याच्या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे माझी नजर अडीच किलोमीटरवर अडकली.

तुळई यांनी सुचवलेली तुळई मीटरला सुमारे ५२ किलो भरते. बारा मीटरची एक तुळई म्हणजे ६२४ किलो, आणि अशा दोन. लाकडाने हा प्रश्न सुटेल असे कोणाला वाटत असेल, तर मी हिशेब करून पाहिला आहे. पोलादाच्या मानाने लाकूड सुमारे अठरापट लवचीक असल्यामुळे वाकाची तीच ३३ मिलिमीटरची मर्यादा राखायला २०० बाय ४७५ मिलिमीटरची तुळई लागते आणि तिचे वजन ६८० किलोच्या घरात जाते. शिवाय ती एकसंध असते, तिचे तुकडे करून नेता येत नाहीत.

पोलादी तुळईचे ४ मीटरचे तीन तुकडे केले, तर प्रत्येक २०८ किलोचा होतो. आठ जणांनी उचलला, तर माणशी २६ किलो येतात. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. अरुंद वाटेच्या वळणावर मात्र आठांपैकी दोघांचे पाय वाटेबाहेर जातात आणि त्या क्षणी सगळे वजन उरलेल्या सहांवर येते. अशाच एका वळणावर आमच्या एका सोबत्याचा पाय तुकड्याखाली आला होता. तेव्हापासून आराखडा हातात आला की ‘सर्वांत जड भाग किती किलोचा आणि किती लांब?’ हा प्रश्न मी पहिला विचारतो. उत्तर ‘दोन माणसे, ५० किलो’ असे असेल, तर काम सुखरूप पार पडते.

सिमेंट, वाळू, खडी यांचेही गणित मांडा. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे २.४ टन. टेकणांसाठी ते जितके कमी लागेल, तितके बरे.

तुळई

ओझेवाला, तुमचा आक्षेप पूर्णपणे योग्य आहे. त्यात एक भर घालतो. तुळईचे तीन समान तुकडे केले, तर जोड मध्यावर येत नाहीत, हे खरे. पण त्या ठिकाणीही मध्यावरच्या आघूर्णाच्या, म्हणजे तुळईला वाकवणाऱ्या जोराच्या, सुमारे ८९ टक्के आघूर्ण असतो. म्हणजे जोड दुय्यम समजून चालत नाहीत; ते घट्ट आवळलेल्या उच्चबली बोल्टांचेच हवेत, नाहीतर भोकातील सैलपणामुळे साकव पहिल्याच दिवशी झोळ खातो.

यापेक्षा चांगला मार्ग आहे. पडायला नको म्हणून दोन्ही बाजूंना साधारण १.१ मीटर उंचीचा कठडा आपल्याला करायचाच आहे. मग तो कठडाच भार वाहणारी कैची का करू नये? खाली एक पट्टा, वर एक पट्टा आणि मध्ये उभे-तिरपे दांडे. खोली ३५० मिलिमीटरऐवजी मीटरभर मिळाल्यामुळे खूप कमी पोलादात तेवढाच ताठपणा साधतो. प्रत्येक दांडा एक-दोन माणसे नेऊ शकतात आणि सगळी जोडणी जागेवर बोल्टांनी होते. चालण्याच्या फळ्या खालच्या पट्ट्याजवळ बसतात, त्यामुळे साकवाचा तळ उचलला जातो आणि पुराला जवळजवळ वीतभर मोकळी उंची अधिक मिळते.

काळजी एकाच गोष्टीची घ्यायची. भार आला की वरचा पट्टा दाबला जातो, आणि वरून बांधलेला नसल्यामुळे तो बाजूला फुगण्याचा प्रयत्न करतो. प्रत्येक उभा दांडा खालच्या आडव्या तुळईशी कोपऱ्यात ताठ जोडला, तरच तो जागेवर राहतो. हा कोपरा मी स्वतः तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही.

ओढ्याकाठी

कैचीची कल्पना सुरेख आहे, पण माझी एक हरकत नोंदवून ठेवा. पाणी फळ्यांपर्यंत चढलेच, तर साध्या तुळईवरून ते निघून जाईल. कैचीच्या दांड्यांत मात्र फांद्या अडकतील, काही वेळात तिचा बांध होईल आणि पुराचा सगळा रेटा साकवावर येईल. पूररेषेच्या पुरेसे वर राहता येत असेल, तरच कैची करावी. नसेल, तर साधी तुळई करावी आणि तिचे एक टोक साखळीने झाडाला किंवा खडकाला बांधून ठेवावे, म्हणजे ती टेकणावरून सुटली तरी काठाला लागून राहील, वाहून जाणार नाही.

रानवाट

मला वेगळे मत मांडायचे आहे. साकव हवाच का? पावसाळ्याचे काही दिवस सोडले, तर ओढा पायी ओलांडता येत असेल. मोठे सपाट दगड नीट बसवले, तर काम भागते आणि रान रानासारखे राहते. पूर असताना पलीकडे जाऊ नये, हे वाटसरूलाही कळते.

ओढ्याकाठी

रानवाट, अनेक ठिकाणी हाच उपाय उत्तम असतो आणि तो आराखड्यात पर्याय म्हणून लिहिलाच पाहिजे. परंतु धोका जातानाच्या ओढ्यात नसतो, तो परतीच्या ओढ्यात असतो. सकाळी घोट्याएवढे पाणी ओलांडून गेलेला गट दुपारच्या सरीनंतर त्याच जागी येतो, तेव्हा पाणी मांडीपर्यंत असते आणि गाडी पलीकडे उभी असते. अशा वेळी ‘जाऊ नये’ हे कळूनही माणसे पाण्यात उतरतात.

चाकावरून

मी चाकाची खुर्ची वापरते, आणि रानवाट यांच्या दगडांपाशी माझी वाट संपते. अडीच किलोमीटर आत साकव आहे, तिथे चाकाची खुर्ची कशाला येईल, असे आपण गृहीत धरू नये. वाट किती सोपी आहे, हे वाटाड्या यांनी लिहिलेले नाही; पण वाट कधीतरी सुधारेल आणि साकव मात्र पुढची ५० वर्षे तेवढाच अरुंद राहील.

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. ०.९ मीटरमध्ये खुर्ची जाते, पण कोपर कठड्याला घासतात, १.२ मीटरमध्ये निश्चिंतपणे जाता येते. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि त्यांतील फट १२ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, कारण पुढची लहान चाके फटीत अडकली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि शरीर मात्र पुढे जाते. वाट आणि फळी यांच्या सांध्यावर उंबरठा नको. साकव कितीही चांगला असला, तरी तिथली माती वाहून जाऊन चार बोटांची पायरी होते आणि मला तिथूनच परत फिरावे लागते. तिथे दगडी फरशी बसवा. चढ २० ला १ पेक्षा अधिक नसावा. आणि कठड्याच्या वरच्या पट्ट्यामुळे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आडवी रेघ येऊ नये, एवढे पाहा. मलाही पाणी पाहायचे असते.

तुळई

चाकावरून ताई, शेवटचा मुद्दा मी आजवर कधीच विचारात घेतला नव्हता. कैचीचा वरचा पट्टा १.१ मीटरवर येतो आणि बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे साधारण त्याच उंचीवर येतात. पट्टा थोडा वर घेता येईल. खोली वाढल्यामुळे साकव ताठही होईल. लहान मुलांसाठी दांड्यांमधील मोकळी जागा १०० मिलिमीटरच्या आत ठेवायची आहेच, त्यासाठी बारीक उभ्या सळया लावू.

झुलता

कैचीचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन तारा ताणून झुलता साकव का करू नये? सामान कमी लागते आणि तारेचे वेटोळे खांद्यावरून नेता येते.

तुळई

लांब दरीसाठी झुलता पूल हाच योग्य असतो. १२ मीटरसाठी मात्र तारेचा ताण पेलणारे नांगर दोन्ही काठांत रुतवण्याचा खर्च साकवापेक्षा मोठा होतो. शिवाय तारेतील गंज बाहेरून दिसत नाही. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर उघडल्यावर चारच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ माणसे मृत्युमुखी पडली. एका मुख्य तारेच्या ४९ पदरांपैकी २२ गंजलेले होते, असे चौकशीत आढळले. त्या दुरुस्तीत लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले गेले, पण जुनी तार तशीच राहिली. ‘बदलणे’ या शब्दाचा आपण सर्वांनी यासाठीच नीट विचार करावा, कारण एक भाग नवा केला की जुन्या भागांवरचा भार बदलतो. वाटाड्या, जुन्या टेकणावर नवा साकव ठेवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

दक्ष

इथे आराखड्याविषयी फार चांगली चर्चा झाली आहे, परंतु उद्यानातील बांधकामे बहुधा आराखडा आणि जागा यांच्या मधल्या वाटेवर बिघडतात. न्यूझीलंडमधील पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक येथे दरीवर एक निरीक्षण-मंच होता. २८ एप्रिल १९९५ रोजी त्यावर १८ जण उभे असताना तो खाली कोसळला आणि १४ जण गेले, त्यांत १३ विद्यार्थी होते. मंच बोल्टांनी जोडायचा होता. पण कामाच्या जागी योग्य ड्रिल नव्हते, म्हणून तो खिळ्यांनी ठोकण्यात आला. आराखडा पात्र अभियंत्याने केलेला नव्हता. एका वेळी पाच जणांनीच उभे राहावे, असा फलक मागवला गेला होता, तो कधी लागलाच नाही.

हे वाचल्यापासून ओझेवाला यांचा अडीच किलोमीटरचा मुद्दा मला वेगळ्याच अर्थाने महत्त्वाचा वाटतो. दिवस मावळत आलेला असतो, एक बोल्ट आखूड पडतो, परत जाऊन आणायला दोन तास लागतात, आणि सगळे थकलेले असतात. त्या वेळी ‘आज खिळा ठोकू, उद्या बघू’ असे म्हणणारा माणूस वाईट नसतो. म्हणून आराखड्यातच लिहा की जोडणीच्या वस्तू दहा टक्के जादा न्याव्यात, संपूर्ण साकव आधी मोकळ्या मैदानावर एकदा जोडून पाहावा आणि मगच सुटा करून वर न्यावा. जागेवर केलेला कोणताही बदल अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय कायम होऊ नये.

ओझेवाला

मैदानावर आधी जोडून पाहण्याला माझा पूर्ण पाठिंबा. प्रत्येक दांड्यावर रंगाने क्रमांकही टाका आणि ज्या क्रमाने जोडायचे, त्याच्या उलट क्रमाने नेऊ नका.

दोरखंड

थोडे विषयांतर करतो, पण ते मूळ प्रश्नाशी जोडलेले आहे. पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आहे. काठावरच्या गावांतील लोक दर वर्षी गवताचे दोर वळतात, जुना पूल सोडून देतात आणि नवा बांधतात. या परंपरेची २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली. महामारीमुळे २०२० मध्ये पूल नव्याने बांधता आला नाही आणि मार्च २०२१ मध्ये तो तुटून पडला; त्याच वर्षी लोकांनी तो पुन्हा बांधला.

त्या पुलाचा आराखडा म्हणजे केवळ दोर नव्हेत. दर वर्षी एकत्र येणारी माणसे हाही त्याचाच भाग आहे, आणि तो भाग एकदा गळला की पूल गेला. आपल्या साकवाची फळी बदलायची वेळ आली, तर ती कोण बदलणार, कोणत्या पान्याने आणि किती माणसांत, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर हवे.

सुतारकाम

दोरखंड यांनी माझ्या मनातले लिहिले. मुख्य सांगाडा पोलादी करण्याला माझी आता हरकत नाही. वजनाच्या हिशेबाने माझे मत बदलले. पण फळ्या लाकडीच ठेवा, प्रत्येक फळी स्वतंत्रपणे निघेल अशी बोल्टाने बसवा, आणि सगळ्या फळ्या एकाच मापाच्या असू द्या, म्हणजे कोणीही एक सुटी फळी आणून बसवू शकेल. फळीत खाचा पाडून घसरण थांबत नाही; खाचांत शेवाळ भरले की त्या आणखी निसरड्या होतात. खडबडीत वाळूच्या पट्ट्या फळीत बसवून घ्या.

शेवाळ

सुतारकाम, शेवाळाचे नाव निघाले म्हणून लिहिते. ओढ्यातील जीवांची बाजूही आराखड्यात येऊ द्या. तांबेयुक्त रसायने पाण्यातील किडे आणि मासे यांना विषारी असतात. रसायन मुरवलेल्या फळ्या कापणे, भोके पाडणे हे काम पाण्यापासून दूर, ताडपत्रीवर व्हावे आणि भुसा गोळा करून परत न्यावा. जुना साकव पाडताना ओंडके ओढ्यात ढकलून देऊ नयेत. जुन्या फळ्यांना आर्सेनिकयुक्त रसायन लावलेले असेल, तर त्या कोणत्याही परिस्थितीत जाळू नका. आर्सेनिक राखेत उरते.

वाटाड्या

सर्वांचे मनापासून आभार. ओढ्याकाठी ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही चौघे जण ओढ्यातून चालत गेलो.

जुन्या साकवाच्या टेकणाखाली सळई घालून पाहिली. एका बाजूला वरचे दगड जागेवर होते, पण त्यांच्या खाली सळई कोपराएवढी सहज आत गेली आणि मऊ गाळात थांबली. ताईंचा अंदाज खरा होता. टोक कुजले होतेच, पण त्याखालची जमीनही गेली होती. तेवढ्याच लांबीचा नवा साकव तिथे ठेवला असता, तर आम्ही नवे लाकूड त्याच खड्ड्यावर ठेवले असते.

वर चाळीस मीटरवर ओढा दोन खडकांमधून येतो. तिथे काठापासून मागे सरकूनही अंतर १२ मीटर भरते. डावीकडचा खडक उघडा आहे, उजवीकडचा हातभर मातीखाली लागला. फांद्यांतील सर्वांत वरचे सुके गवत खडकाच्या माथ्यापासून १.३ मीटर खाली आहे. हे एका पुराचे माप आहे, हे मला कळते. शंभर वर्षांच्या पुराचा हिशेब अभियंत्याकडून करून घेणार आहोत. तो हिशेब अनुकूल आला तर कैची, नाहीतर तुळई, असे दोन्ही पर्याय टिपणात लिहिले आहेत. रुंदी १.२ मीटर धरली आहे. पायवाट वळवावी लागेल, आणि चाकावरून ताई, ती वळवताना चढ २० ला १ च्या आत ठेवता येईल, असे पहिल्या मोजणीत दिसते. सर्वांत जड भाग ५० किलोच्या आत, मैदानावर आधी जोडणी आणि सुट्या फळ्या या अटी सुरुवातीलाच घातल्या आहेत.

चाकावरून

वाटाड्या दादा, साकव झाला की कळवा. मी येईन.

तुळई

खडक मिळाला ही मोठीच गोष्ट झाली. टिपणात एक ओळ वाढवा : एक टोक पक्के आणि दुसरे सरकते हवे. तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १२ मीटरचे पोलाद सुमारे ६ मिलिमीटर लांबते-आखडते. दोन्ही टोके खडकाला आवळली, तर तो रेटा नांगर-बोल्टांवर येतो. सरकत्या टोकाला लांबट भोक ठेवा. खडकात बोल्ट बसवण्याआधी हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर वरचा पापुद्रा सुटा आहे, तो काढून खालच्या घट्ट खडकापर्यंत जा.

सुतारकाम

जुना साकव उतरवताना माझे एक काम कराल का? कुजलेल्या टोकापासून मध्याकडे दर अर्ध्या मीटरवर ओंडका आडवा कापा आणि प्रत्येक कापाचे छायाचित्र इथे टाका. कुज कुठून शिरली आणि किती दूर गेली, हे त्यात दिसेल. फळ्यांच्या खिळ्यांपाशीही काळे डाग असतील, असा माझा अंदाज आहे.

वाटाड्या

जरूर. साकव पुढच्या महिन्यात उतरवणार आहोत. करवत आणि मोजपट्टी दोन्ही नेतो, आणि कापलेल्या चकत्यांवर टोकापासूनचे अंतर खडूने लिहून ठेवतो.